मानेला एक पळी जास्त

(कापूरहोळला सडकेच्या कामावर असलेल्या कोंडिबांनी सांगितलं, तसं त्यांच्याच बोलीत.)

माझं गाव हिर्डोशी. भोरास्नं वरंधा घाटाकडं निघालं की लागतं, आता यष्टी हाय म्हनून लागतं म्हनायचं, तवा कुठली यष्टी, तवा पायच. भाकरी बांधून फटफटायच्या आत निघायचं आन् ऊन डोक्यावर आलं की भोर. आमी चौघं भाऊ, त्यातला मी तिसरा. भात आन् नाचणी, तीबी उतारावर, चार तोंडांपुरती आन् घरात खाणारी नऊ. थोरला येक दिवस म्हनला कोंडिबा, तू भोरला बघ काय तरी, आंगानं धड हायस. रागानं न्हाई म्हनला, सरळच म्हनला, मलाबी पटलं. संस्थान इलीन झालं त्येच्या आगंमागंची गोष्ट ही. राजाचं गेलं, सरकारचं आलं, आसं लोक पारावर बोलायचे आन् मी बाजारात काम इचारत फिरत हुतो, मला राजाचं काय आन् सरकारचं काय.

नदीच्या अंगाला येक तालीम व्हती. तितं नाना वस्ताद. आंगानं वाळलेला, मिशा पांढऱ्या, पर उभा राह्यला की खांबासारखा. त्येनं माझं मनगट धरून बघितलं आन् म्हनला माती खणशील? म्हनलं खणीन. पाणी मारशील? मारीन. खांबाला तेल लावशील? म्हनलं लावीन की, त्यात काय. त्यो हसला. म्हनला त्यातच हाय सगळं.

आता काय सांगू तुमाला, मला तवा ते हसणं कळलं न्हाई. मलखांब तुमी बघितला आसंल. सागवानी खांब, दोन पुरुष उंच, खाली जाड, वर निमुळता, मंग मान, आन् मानेवर बोंड. माणूस आडी घालतो, म्हंजे पायाची कवळी घालून खांबाला धरतो, आन् वर जाऊन उलटा हुतो, बोंडावर पोट टेकून हात सोडतो, काय काय करतो. त्येला एरंडेल लावायचं. न्हाई लावलं तर कातडं सोलून निघतं, जास्त लावलं तर धरच लागत न्हाई. आन् त्ये तेल येका जागी ऱ्हात न्हाई बघा. पैला माणूस चढतो त्येला बुळबुळीत खांब, दुसऱ्याला जरा कमी, सहा-सात जणांच्या आंगानं पुसून पुसून खांब कसा गोडीला येतो, धरला तर धरतो, सोडला तर सोडतो. मंग चार-पाच जण मजेत चढून घेतात. त्येच्या फुडचा आला की खांब कोरडा, मांड्या सोलायच्या. आन् थंडीत तेल घट, ऊन चढलं की पातळ. ह्ये सगळं शिकायला मला दोन साल लागली. नाना डोळे मिटून हात लावायचा खांबाला आन् म्हनायचा कोंडिबा, मानेला अर्धी पळी, धडाला येक, खाली नुसतं फडकं फिरव. आन् तसंच बराबर निघायचं.

तेल माझ्याच घरचं व्हतं. लगीन झालं मधी, पालीची सारजा, राजगडाच्या पायथ्याची. ती बांधावरच्या एरंड्या आणायची, ऊन द्यायची, खापरात भाजायची, उखळात कुटायची आन् पाण्यात घालून उकळायची, मंग वर तेल येतं ते पळीनं हळू काढून घ्यायचं. घरभर वास. लोक म्हनायचे कसं सोसता, मला त्यो वास चांगला वाटायचा. आमी दोघं तालमीच्या मागं येका खोलीत ऱ्हायचो. तिनं काढलेलं तेल म्या खांबाला लावायचं, आसा आमचा संसार.

सारजाचा भाऊ गेनू. तिच्यापरास दोन वर्सांनी मोठा, तिच्याबिगर त्येला कुणी न्हाई आन् त्येच्याबिगर तिला न्हाई, आईबाप लवकर गेले. पालीला चार खाचरं भाताची, येक बैलजोडी, बायको, येक लेकरू. शेती करून त्यो पालीच्या तालमीत मलखांब करायचा. काय करायचा म्हनून सांगू. मी इतके बघितले, पर गेनू वर जाऊन उलटा झाला की वाटायचं हाडं हायेत का न्हाईत ह्येच्या आंगात. आन् बोलायला गरीब. आमच्याकडं आला की कवाच मोकळ्या हातानं न्हाई, एरंड्याचं गठुडं घेऊन यायचा बहिणीला.

चार तालमींची चढावढ असायची. भोर, वेल्हे, पाली आन् ह्ये कापूरहोळ. सुगी सरली की चैतापातूर, पाळीपाळीनं येकमेकांच्या गावी, येका खेळाला दोन तालमी. ज्येच्या घरी खेळ, त्येचा खांब, त्येचं तेल, आन् कुणी कवा चढायचं ते बी त्येनंच ठरवायचं. तीन पंच बसायचे, गुण द्यायचे. आता तुमीच बघा. तेल कुणाच्या आंगाला कवा लागतं ते म्या सांगितलं तुमाला. घरचा वस्ताद काय करणार? पाव्हण्यांची माणसं पैली चार चढवायची, ओल्या खांबावर, आन् ऱ्हायलेली शेवटाला, कोरड्यावर. आपली मधी. सगळेच करायचे. वेल्ह्यात आमचं तसंच व्हायचं, पालीतबी व्हायचं. म्हनून कुणी बोलायचं न्हाई. मलाबी त्यात वावगं दिसलं न्हाई, खोटं कशाला सांगू. मला वाटायचं ह्ये आसंच आसतं.

मंग ते साल आलं. संस्थानाचं होतं तवर तालमीला आधार व्हता, आता न्हवता. गावात येक कमिटी झाली, त्यातले दोघं-तिघं म्हनायला लागले का तालमीची जागा धान्याच्या गोदामाला द्या, हितं कोण येतंय. नाना त्येंच्या दारी जाऊन आला. त्येनी सांगितलं म्हनं का औंदा चारी तालमीत पैला नंबर काढा, मंग बघू. नाना तितनं आला आन् आखाड्यात येकलाच बसून ऱ्हायला. म्या पाणी दिलं. त्यो म्हनला कोंडिबा, ह्यो खांब माझ्या बापानं रोवलाय. येवढंच.

त्या साली आमी आन् पाली बराबरीला आलो. शेवटचा खेळ भोरला. आदल्या दिवशी पालीची माणसं आली, गेनू आमच्यातच उतरला. सारजानं मासवड्या केल्या, त्येला लई आवडायच्या, त्यो जेवला आन् म्हनला सारजे, उद्या म्या नवा हात, नवी कसरत करणार हाय, बोंडावरनं येका हातानं. सारजा म्हनली पडशील मेल्या. त्यो म्हनला खाली दाजीनं खणलेली माती हाय, पडलो तरी उठीन.

सकाळी थंडी व्हती. म्या माती खणली, चाळली, दगूड राह्यला आसंल म्हनून दोनदा हात फिरवला. खांबाला तेल दिलं, रोजच्यासारखं. खेळ सुरू झाला. आमची पोरं बरी चढली, पालीची आमच्यापरास जरा बरीच. गेनू त्येंचा शेवटचा. त्येच्या आदी खांब कोरडा पडलेला, म्हनून परत तेल द्यायचं ठरलं, पार कोरडा पडला तर द्यायचा रिवाजच व्हता. मी फडकं आन् तेलाचं भांडं घेऊन शिडीवर चढलो. नाना शिडी धरायला आला. खालनं, वर न बघता म्हनला मानेला येक पळी जास्त.

मी थांबलो. म्हनलं वस्ताद, मानेला अर्धी पुरं हाय, थंडी हाय. त्यो म्हनला माहीत हाय मला. म्हनलं वस्ताद, गेनू हाय. त्यो म्हनला कोण हाय ते बी माहीत हाय. आन् वर बघितलं. त्येचे डोळे पाणावलेले व्हते, म्या बघितलं ते, अजून दिसतं. त्यो म्हनला कोंडिबा, तू आन् मी कुठं जायाचं मंग.

काय सांगू तुमाला. येक पळी. हाताला वजन बी लागत न्हाई. म्या टाकली. मानेवर टाकली आन् हातानं फिरवली. लोकांनी बघितलं, पर लोकांना काय कळतंय, माणूस तेल लावतोय येवढंच दिसतं. उतरलो आन् बाजूला झालो.

गेनू आला. मातीला हात लावला, कपाळाला लावला, खांबाला हात लावला. आदी धडाला, मंग उडी मारून, आडी घालून मानेपातूर गेला आन् तितं त्येचा हात येक घटका थांबला. घटका म्हंजे काय, डोळा मिटायला लागतो तेवढाच वेळ. त्येनं तळव्याकडं बघितलं आन् मंग माझ्याकडं. रागानं न्हाई. नुसतं बघितलं. मला वाटलं आता उतरंल, उतर रं बाबा, मनात म्हनलं, उतर. त्यो उतरला न्हाई. त्यो वर गेला, उलटा झाला, लोक वाऽ वाऽ कराय लागले, त्येनं येक हात सोडला आन् दुसरा सटकला.

माती मऊ व्हती म्हनून जीव वाचला आसं सगळे म्हनले. पर त्यो उजव्या कोपरावर आला. आवाज झाला त्यो मला ऐकू आला, दुसऱ्या कुणाला आला का न्हाई ठावं न्हाई. सारजा आमच्या खोलीच्या दारात उभी व्हती, बायांनी आखाड्यात यायची रीत न्हवती, पर ती धावत आली आन् कुणी आडवली न्हाई.

हाडवैदानं कामट्या बांधल्या. हाड जुळलं, पर कोपर वाकडंच ऱ्हायलं. हात तोंडापातूर जातो, सरळ हुत न्हाई. आता भातशेतीच्या माणसाला सांगा आसा हात काय कामाचा. औताचं रुमणं, म्हंजे मूठ, धरता येत न्हाई, दोरी वढता येत न्हाई. त्येला आमी दोन महिने आमच्याकडंच ठेवला. सारजा रोज सकाळ-संध्याकाळ तेल कोमट करून त्येचा हात चोळायची. तेच तेल. मी तितंच बसलेला असायचो. ती म्हनायची बोटं हालव रं, हां, अजून, आन् मी भिंतीकडं तोंड करून सुपारी कातरायचो. गुण आमचे जास्त भरले, पैला नंबर आला, कमिटीवाल्यांनी नानाला नारळ दिला. नानानं त्यो फोडला न्हाई, कोनाड्यात ठेवला, तितंच वाळला त्यो.

कुणीबी इचारलं न्हाई. पालीचे लोक म्हनले हात सुटला, हुतं आसं. गेनू बी तेच म्हनला. मी आन् नाना येकमेकांशी कामापुरतं बोलायचो.

आखाड लागला, लावणी आली. मी नानाला म्हनलं पालीला जातो, मेव्हण्याची लावणी कोण करणार. त्यो म्हनला जा. डोंगर वलांडून गेलो, पावसात. गेनूची बायको तरवं, म्हंजे भाताची रोपं, उपटायची, मी चिखल करायचो, लावायचो, गेनू बांधावर बसून डाव्या हातानं रोपांच्या मुठी फेकायचा आमच्याकडं. तिसऱ्या दिवशी ती भाकरी आणायला घरी गेली आन् आमी दोघंच ऱ्हायलो. मला वाकल्या वाकल्याच निघालं तोंडातनं. म्हनलं गेनू, म्या मानेला जास्त टाकलं व्हतं.

त्यो मूठ बांधत व्हता. बांधून झाली, फेकली. म्हनला मला ठावं हाय दाजी. हाताला लागलं तवाच कळलं.

मंग उतरला का न्हाईस रं?

म्हनला उतरून काय सांगायचं? चार गावच्या लोकांत सांगायचं का माझ्या बहिणीच्या घरवाल्यानं तेल जास्त टाकलं? तिनं कुठं तोंड दाखवायचं? आन् न सांगता उतरलो आसतो तर म्हनले आसते पालीचा भ्याला. म्हनून मंग वर गेलो. मला वाटलं निभंल. म्या ओल्या खांबावर लई वेळा केलंय. ह्या डावाला न्हाई निभलं.

मी चिखलात तसाच बसलो, खरंच खाली बसलो, माझं धोतर-कापडं काय ती भिजली. तो म्हनला उठा, तरवं सुकतील. मंग थोड्या येळानं म्हनला दाजी, मला सांगितलंत ते बरं केलंत, पर माझा हात काय आता नीट हुत न्हाई. चार तालमी बसतील तवा तितं सांगा. फुडं जो चढंल त्येच्यासाठी सांगा.

सुगीच्या तोंडावर चारी तालमीचे वस्ताद आन् जाणती माणसं भोरला बसली, फुडचे खेळ कवा, कुणाच्या गावी ते ठरवायला. मी पाणी द्यायला व्हतो तितं. तांब्या खाली ठेवला आन् उभा ऱ्हायलो. म्हनलं मला येक सांगायचंय. सगळं सांगितलं. पळी सांगितली, मान सांगितली, आन् क्रम कसा लावतात, ओल्यावर कोण, कोरड्यावर कोण, आन् ह्ये आपन चौघंबी करतो, ते बी सांगितलं. नानानं मला टाकायला सांगितलं ह्ये मात्र माझ्या तोंडातनं निघालं न्हाई. त्येनं मला जागा दिलेली, भाकरी दिलेली. म्हनलं म्या टाकली, बस.

कापूरहोळचा येक म्हनला ह्येला काय पडलं व्हतं सख्ख्या मेव्हण्याला पाडायला? तवा नाना उठला. काठी टेकून उठला आन् म्हनला पळी म्या सांगितली. त्येनं न्हाई म्हनून बघितलं, म्या ऐकलं न्हाई. येवढं बोलून त्यो बसला आन् पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

लई वेळ बोलणं झालं. काही वर्दळीवर आले, काही म्हनले झालं गेलं. शेवटी ठरलं का तेल सगळ्यांच्या देखत लावायचं, येकाच मापाच्या पळीनं. दर पाच जणांमागं खांब कोरड्या फडक्यानं पुसून परत तेल द्यायचं. दोन्ही तालमीच्या येकेका माणसानं हात लावून बघायचं आन् मंगच चढायचं. आन् क्रम चिठ्ठ्या टाकून. मंग कुणी तरी म्हनलं तेल कोंडिबानंच लावावं, त्येला समजतं तेवढं दुसऱ्याला न्हाई समजत. तवा वेल्ह्याचा म्हातारा वस्ताद म्हनला न्हाई. ज्येनं येकदा टाकलं त्येच्या हातात पळी नको. त्येनं खरं सांगितलं ते चांगलं केलं, पर पळी नको. माझ्याकडं बघून म्हनला, राग मानू नगं. म्हनलं न्हाई वस्ताद, तुमचं बराबर हाय. आन् बराबरच व्हतं ते. मला अजून तसंच वाटतं.

घरी गेलो तर सारजाला कळलेलं. पाणवठ्यावर कळलं. मी दारातनं आत आलो, ती चुलीपुढं बसलेली, म्हनली गेनूला सांगितलंत, चार गावाला सांगितलंत, आन् मला बायांनी सांगितलं. दोन महिने मी त्येचा हात चोळत व्हते तुमच्यासमोर. ती रडली न्हाई. ती पालीला गेली, भाताची कापणी, झोडणी सगळं भावाचं करून दोन महिन्यांनी आली. आली म्हनून मी उभा हाय. आल्यावर म्हनली च्या ठेवू का, आन् ठेवला. त्येच्यावर आमचं परत बोलणं झालं न्हाई, आजतागायत न्हाई. तेल मात्र तिनं काढलं न्हाई परत. एरंड्या आल्या तर कुणाला तरी देऊन टाकते.

फुडच्या सालाला तालमीच्या जागेत गोदाम झालं. पैला नंबर खोटा ठरला ना. नाना लेकीकडं गेला, दोन साल जगला. मी भेटाय गेलो व्हतो येकदा. त्येनं माझा हात हातात घेतला आन् इचारलं माती खणतोस का अजून? म्हनलं न्हाई वस्ताद, खडी फोडतो. बरं म्हनला. त्येचं बी मला वाईट वाटतं. गेनूचा हात माझ्यामुळं गेला आन् नानाची तालीम माझ्या बोलण्यामुळं गेली. गप बसलो आसतो तर येकच गेलं आसतं. रात्रंदिस ह्येचा हिशेब म्या लावायचा सोडलाय, लागत न्हाई तो.

आता हितं सडकेवर हाय. खडी फोडायची, खड्डे बुजवायचे, डांबर असलं तर टाकायचं. कापूरहोळचा फाटा म्हंजे सारखी वर्दळ, ट्रका येतात, भोरची यष्टी वळती, धूळ नाकातोंडात. पाठ धरती. पन्नाशी न्हाई आली अजून, पर तुमी बघताच. गेनू येतो अधनंमधनं. पालीकरांनी त्येला चिठ्ठ्या उचलायचं काम दिलंय, डाव्या हातानं उचलतो, आन् खांबाला हात लावून बघायला बी तोच. त्येनं चांगलं म्हटलं का सगळ्या गावचे चढतात. मला म्हनला चला दाजी येकदा. गेल्या साली गेलो, हितं कापूरहोळातच व्हता खेळ, लांब न्हवतं. मागं उभा ऱ्हायलो. पाच जण झाले, खांब पुसला, पळी मोजून टाकली, दोघांनी हात लावला. थोडा येळ बघितलं. पोरं चांगली चढत व्हती, आमच्या वक्ताला न्हवते आसे हात करतात आता. मंग आलो निघून, पाठ उभी ऱ्हाऊ देत न्हाई.

सडकेवर कुणी कुणी वळखतं. वेल्ह्याकडचा माणूस यष्टीची वाट बघत उभा आसला का माझ्याकडं बघतो, आन् जरा घुटमळून इचारतो, तेल जास्त टाकलं व्हतं ते तुमीच का? मी म्हनतो व्हय, मीच त्यो. मंग त्यो यष्टीच्या वाटंकडं बघाय लागतो. मी म्हनतो बसा सावलीला, यष्टीला येळ हाय अजून. आन् माझं घमेलं भरून घेतो.